बिनपायडलची सायकल

कल्याण,
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९९१

प्रिय सगुणाताई,

परवाच तर बारशाला भेटलो आणि आज लगेच माझं पत्र, म्हणून लिफाफा फोडण्याआधीच तू काळजीत पडशील. आईबाबा ठीक आहेत. ठाण्याहून काही वाईट निरोप नाही. मीही बरी आहे. फक्त हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. सासूबाई समोर असतील तर आत्ता घडी घालून ठेव आणि केतकी दूध पिऊन झोपली की वाच. भावोजींना दाखवायचं की नाही ते वाचून झाल्यावर तू ठरव. मी अडवणार नाही.

निनादच्या वाढदिवसाला तू मला दोनदा विचारलंस की ही सायकल कुठून आणलीस, आणि दोन्ही वेळा मी 'मिळाली गं एका दुकानात' म्हणून विषय बदलला. ती मिळाली नव्हती. तशी सायकल कुठल्याच दुकानात नव्हती. ती कशी झाली ते तुला आधी सांगते, कारण त्याच वाटेने गेलं तर बाकीचं लिहून होईल असं वाटतं. एकदम मुद्द्याला हात घालायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही कागद फाडले.

नोव्हेंबरात, केतकी पोटात असताना, तुझे पाय सुजलेले आणि डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केलेली, म्हणून दर शनिवारी निनादला ठाण्याला व्यायामासाठी न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या व्यायामाच्या बाई कडक आहेत, पण निनादशी त्या फार छान बोलतात. एका शनिवारी त्याचा डावा पाय वाकवत वाकवत त्यांनी विचारलं, "काय रे, वाढदिवसाला काय पाहिजे?" हा म्हणाला, "शायकल." बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला हसू आलं नाही. मला तुमच्या बिल्डिंगच्या आवारातला तो दिवस आठवला. खालच्या मजल्यावरच्या मुलीने तिच्या तीनचाकीवर त्याला बसवलेलं, त्याचा पाय सारखा घसरतो म्हणून आपल्या केसांची रिबन सोडून तो पायडलला बांधलेला, आणि सायकल कलंडली तेव्हा तो पाय बांधलेलाच राहिला. तू धावत गेलीस. रिबनची गाठ तुला सुटेना. त्या मुलीला तू एक शब्द बोलली नाहीस, उलट तिचीच समजूत काढलीस. मी वर गॅलरीत उभी होते आणि माझ्याने जिना उतरवेना.

हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीनचाकी घेऊच नका. पायडलवर त्याचा पाय राहणार नाही आणि दर वेळी तो हरेल. ज्याच्यावर बसून दोन्ही पायांनी जमीन ढकलता येईल असं काहीतरी बघा. वजन सीटवर राहील, उजवा पाय ढकलेल, डावा त्याचं बघून शिकेल. पायाला बांधतो तो कॅलिपर काढून, घरातल्या घरात." मी विचारलं, असं काही मिळतं का. त्या म्हणाल्या, शोधा.

मग मी शोधलं. ठाण्यात स्टेशनजवळची सगळी खेळण्यांची दुकानं झाली, डोंबिवलीत दोन झाली, कल्याणात शिवाजी चौकाकडची झाली. बदकाच्या तोंडाची तीनचाकी, मागे टोपली लावलेली तीनचाकी, झुलणारा घोडा. 'पायडल नको' म्हटलं की दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग आपल्या नोकराकडे बघायचा. एकाने तर विचारलं, "बाई, मग ती चालणार कशावर?" शेवटी शहाडला, आमच्या ऑफिसच्या वाटेवर, भाड्याच्या सायकली देणारे एक म्हातारे आहेत, चांगदेव नावाचे, त्यांच्याकडे गेले. रोज तिथून जाते, पण कधी थांबले नव्हते. त्यांनी पंक्चर काढता काढता माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात काय. मी बारक्या पोरांना आधी पायडल काढूनच देतो. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, बस. एकदा तोल आला की बाकी सगळं आपसूक येतं." उल्हासनगरच्या एका घरातून विकायला आलेली अगदी छोटी दोनचाकी त्यांच्याकडे पडून होती. तिचं पायडल, चेन सगळं उतरवतो, सीटची नळी कापून बुटकी करतो, नवा रंग मारतो, म्हणाले. फक्त माप आणा. मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत.

ते माप मी तुझ्याच घरी घेतलं, ताई. रविवारी मी निनादला आंघोळ घातली ना, तेव्हा. सुतळीचा तुकडा पर्समध्ये घालून आणलेला. तो गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होता आणि पाण्यात पाय आपटत होता, म्हणजे उजवा आपटत होता. मी उजव्या पायाला सुतळी लावली आणि टाचेपाशी गाठ मारली. मग डाव्या पायाला लावली. टाच गाठीपर्यंत पोचली नाही. बोटभर अंतर राहिलं. तो पाय रोज बघूनही आपल्याला कळत नाही, त्याला मोजे असतात, कॅलिपर असतो. सुतळीने कळलं. मी तिथे दुसरी गाठ मारली. तेवढ्यात तू टॉवेल घेऊन आलीस आणि विचारलंस, "माप कशाचं गं?" मी म्हटलं, पॅन्ट शिवून घेतेय. तू म्हणालीस, "मग डावीकडे जरा सैल ठेवायला सांग, कॅलिपर आत जायला हवा." आणि त्याचं डोकं पुसायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी मी सुतळी चांगदेवकाकांपुढे धरली. दोन गाठी बघून त्यांनी चष्मा वर केला. "कुठल्या गाठीवर कापू?" मी सांगितलं की एक पाय असा आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग आखूड पायाच्या मापाने घेऊ. नाहीतर तो हवेत लोंबेल, आणि पोरगं तो कधी वापरणारच नाही." हे बोलताना ते नळीवर खडूने खूण करत होते. खूण करता करता त्यांनी सहज विचारलं, "पोलिओ ना? डोस दिलेला नव्हता काय?"

हा प्रश्न मला अडीच वर्षांत कितीतरी जणांनी विचारला असेल. दर वेळी मी म्हटलंय, 'दिलेले, तिन्ही दिलेले, तरी झाला.' त्या दिवशी माहीत नाही काय झालं. समोर एक परका म्हातारा, हाताला ग्रीस, मला ओळखत नाही, तुला ओळखत नाही. मी म्हटलं, "एकच दिलेला. बाकीच्या दोन्ही वेळा मी त्याला नेलंच नाही."

ताई, हे मी चुकून लिहिलेलं नाही. पुन्हा वाच. बाकीच्या दोन्ही वेळा मी त्याला नेलंच नाही.

चांगदेवकाका करवत हातात घेऊन थांबले. त्यांनी विचारलं, "त्याच्या आईला माहीत आहे?" मी मान हलवली, नाही. त्यांनी करवत चालवली. नळी कापून झाली, काठ कानशीने घासून गुळगुळीत केला, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, शुक्रवारी येऊन घेऊन जा. मला वाटतं ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता जसं झालं तसं सांगते. काही लपवत नाही आणि स्वतःसाठी काही मागतही नाही. तुझी रजा संपली तेव्हा निनाद दोन महिन्यांचा होता. पहिला डोस तू स्वतः देऊन आणलेलास. तू वागळे इस्टेटला परत कामावर जायला लागलीस आणि मी ठाण्याहून डोंबिवलीला तुझ्याकडे राहायला आले. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या बुधवारी दुसरा डोस होता. तू सकाळी डबा भरता भरता मला तीनदा बजावलंस. मी गेले, ताई. खरंच गेले. दवाखान्यात रांग लावली. गर्ट्रूड सिस्टरनी निनादच्या पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, "अंग गरम आहे, पुढच्या बुधवारी आण." हे मी तुला संध्याकाळी सांगितलं, तुला आठवत असेल. तू म्हणालीस, बरं, पुढच्या बुधवारी नक्की.

त्या पुढच्या बुधवारी कल्याणच्या एका ऑफिसात मला टायपिंगच्या चाचणीला बोलावलेलं. तुला मी सांगितलं नव्हतं. नोकरी लागली तर निनादला कोण बघणार, म्हणून तू नाही म्हणशील असं मला वाटलं. म्हटलं, आधी लागू दे, मग सांगू. निनादला शेजारच्या रंगूमावशींकडे ठेवलं, म्हटलं, जाऊन येते तासाभरात. चार तास लागले. परत आले तोवर दवाखाना बंद झालेला. मला तेव्हा इतकंच वाटलं की एक आठवडा पुढे गेला, त्यात काय मोठं. तू संध्याकाळी आलीस, चपला काढायच्या आधी त्याला उचललंस आणि विचारलंस, "दिला ना गं डोस?" तुझा चेहरा इतका थकलेला होता. मी म्हटलं, "हो." नुसतं हो. त्या एका शब्दानंतर तू मला म्हणालीस, "तू आहेस म्हणून मी बाहेर पडू शकते." ती नोकरी मला मिळालीही नाही. माझा स्पीड कमी पडला.

पुढच्या बुधवारी गुपचूप नेऊन आणावं असं मनात होतं. पण रविवारी तू कार्ड मागितलंस. कार्डावर दुसऱ्या डोसची जागा रिकामी होती. मी म्हटलं, आणते, आणि आतल्या खोलीत जाऊन निळ्या पेनाने तारीख टाकली आणि सिस्टर करतात तशी सही ओढली. पहिल्या डोससमोरची बघून. तू कार्ड बघितलंस आणि पर्समध्ये ठेवलंस. ते झालं आणि मी अडकले. आता दवाखान्यात नेलं तर सिस्टर कार्ड मागणार, आणि कार्डावर त्यांनी न केलेली सही. त्यांच्या रजिस्टरात नोंद नाही. त्या विचारणार, हे कोणी लिहिलं. म्हणून मी त्याला दुसऱ्या डोसलाही नेलं नाही आणि तिसऱ्यालाही नेलं नाही. एका दिवसाची चूक होती, ताई, ती कधीही सुधारता आली असती. माझी चोरी उघडी पडू नये म्हणून मी त्याला दोन्ही डोस मिळू दिले नाहीत. मार्चमध्ये तिसरी सही केली तेव्हा माझा हात कापलासुद्धा नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

त्यानंतरचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात त्याला ताप आला. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी उतरला, आणि तू आनंदाने त्याला खिडकीच्या गजांना धरून उभं केलंस, कारण नुकताच तो उभा राहायला लागलेला. डावा पाय दुमडला. तू पुन्हा उभं केलंस. पुन्हा दुमडला. तू हसत म्हणालीस, "नाटक करतोय बघ." मग तू हसायची थांबलीस. ठाण्याला डॉक्टरांनी पहिला प्रश्न डोसचा विचारला. तू पर्समधून कार्ड काढून दिलंस. कसं दिलंस ते मला अजून दिसतं, दोन्ही हातांनी, शाळेत प्रगतिपुस्तक द्यावं तसं. ते म्हणाले, तिन्ही डोस दिसतायत, क्वचित असं होतं. मी तुझ्या मागे उभी होते. तेव्हा बोलले असते तरी पाय परत आला नसता, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे कितीतरी वेळा तेच सांगत राहिले.

पण माझ्या न बोलण्याने फक्त माझंच लपलं असं झालं नाही. ते दुसऱ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. सासूबाई म्हणाल्या, आई घरात नसली की पोराचं असंच होतं, आणि तू महिन्याच्या आत नोकरी सोडलीस. तुला ती नोकरी किती आवडायची. पगाराच्या दिवशी आमच्यासाठी काहीतरी घेऊन यायचीस आणि सुपरवायझर बाईंच्या नकला करायचीस. त्यानंतर मी तुला कोणाची नक्कल करताना पाहिलेलं नाही. भावोजी कार्ड घेऊन दवाखान्यात भांडायला गेले, मला बरोबर घेऊन, कारण 'डोस घ्यायला हीच यायची.' गर्ट्रूड सिस्टरनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे एकच नोंद आहे." भावोजींनी कार्ड पुढे केलं, "मग या सह्या कोणाच्या?" सिस्टर त्या सह्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर संशय नव्हता त्यांच्या नजरेत. त्या मला विचारत होत्या, मदतीला ये, तू होतीस ना, सांग काय झालेलं. मी मान खाली घातली. भावोजींनी तक्रार लिहून दिली की लस खराब ठेवतात आणि नोंदीही ठेवत नाहीत. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. ही मात्र माझी स्वतःची. सिस्टरांची बदली झाली ते कळलं तेव्हा तू म्हणालीस, बरं झालं, आणखी कोणाच्या पोराचं वाटोळं व्हायला नको.

म्हणून मी कल्याणला आत्याकडे राहायला आले, ताई. नोकरी जवळ पडते हे कारण खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. तुझ्या घरात माझा घास उतरत नव्हता. आणि म्हणूनच मी दर रविवारी येते. लांबही राहवत नाही.

वाढदिवसाच्या संध्याकाळी सायकल मी चादरीत गुंडाळून आणली. सासूबाईंनी हँडलला कुंकू लावलं. तू कॅलिपरचे पट्टे सोडलेस आणि निनादला सीटवर बसवलंस. त्याने आधी खाली वाकून स्वतःचे पाय बघितले. दोन्ही जमिनीला टेकलेले. उजव्याने ढकललं तर सायकल वळून कपाटावर गेली. सगळे पुढे सरसावले, पण भावोजींनी सगळ्यांना हाताने थांबवलं. तो पुन्हा बसला. दिवेलागणीपर्यंत तो स्वयंपाकघरापासून पुढच्या दारापर्यंत जाऊन परत यायला लागला. तिसऱ्या का चौथ्या फेरीला मी बघितलं, डावा पाय नुसता घसटत नव्हता. अंगठा जमिनीला लावून तोही थोडंसं ढकलत होता. किती थोडं, पण ढकलत होता. तूही ते बघितलंस, कारण तू माझा दंड घट्ट पकडलास.

तेव्हाच सासूबाई आलेल्या बायकांना म्हणाल्या, "मावशी आहे म्हणून बघा. आईने तर नोकरीपायी पोराकडे बघितलं नाही." तू आत गेलीस. मी मागोमाग आले. तू वडे तळायला घेतलेस, मग झारा ठेवून दिलास आणि मला मिठी मारलीस. तुझं पोट मधे येत होतं, म्हणून जरा तिरकीच. म्हणालीस, "तू होतीस म्हणून तेव्हा त्याचं सगळं वेळेवर झालं गं. चुकलं ते माझंच. मीच घरी राहायला हवं होतं." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तू माझ्यापायी रडत होतीस. त्या दिवशी मी बोलले नाही याला तर कसलंच कारण नव्हतं. दवाखान्याची भीती नव्हती, कोणी विचारणारं नव्हतं, आपण दोघीच होतो. मला तुझी मिठी सोडवली नाही, एवढंच.

आता बाकीचं लवकर सांगते. काल अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी खडवलीला गेले. गर्ट्रूड सिस्टर बदलीच्या जागी फार दिवस राहिल्या नाहीत, राजीनामा दिला आणि तिथल्या एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात लागल्या, हे मला गेल्या वर्षीच कळलेलं. कळूनही गेले नव्हते. त्या सुया उकळत ठेवत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि पहिलं विचारलं, "निनाद कसा आहे?" नाव लक्षात होतं, ताई. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "सव्वादोन वर्षं मी स्वतःला विचारतेय की ते दोन बुधवार मी लिहायचे राहिले का. कार्डावरची सही बघून मलाच वाटलं, माझीच आहे. म्हटलं, जी बाई डोस दिलेला विसरते, ती आणखी काय विसरत असेल. त्या भीतीने मी तिथून निघाले. इथे प्रत्येक पोराचं नाव मी दोनदा लिहिते." मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. "ते नंतर बघू," म्हणाल्या. "मला माफ करता येईल का ते मला आत्ता माहीत नाही. तू आधी बहिणीला सांग."

त्यांच्याविषयीचं पत्र मी आज सकाळी ऑफिसात टाइप केलं. डोंबिवलीच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे. तक्रार खोटी होती, सह्या माझ्या होत्या, सिस्टरांचं रजिस्टर बरोबर होतं. एक प्रत यासोबत ठेवते, एक खडवलीला पाठवते. त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल. सासूबाईंना तू हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. त्यांना कळायला हवं की तुझ्या नोकरीचा यात काही संबंध नव्हता. तू रोज विचारत होतीस. तू कार्ड बघत होतीस. आईने जे करायचं ते तू सगळं केलंस, फक्त ज्या माणसावर विश्वास टाकलास ते खोटं बोललं.

मी हे कधीच लिहिलं नसतं, ताई, हेही खरं आहे. सायकल झाली, तो चालवायला लागला, आणि मी मनाला सांगत होते की आता हळूहळू असंच फेडता येईल. पण परवा बारशाला पाळण्याजवळ कोणीतरी विचारलं, केतकीचे डोस कधी सुरू करणार, आणि तू म्हणालीस, "नाही नेणार हिला. त्याला तीन दिले, काय उपयोग झाला? देवाच्या मनात असेल ते होईल." तुमच्या वरच्या मजल्यावरची ती बाई, कडेवर चार महिन्यांचं मूल घेतलेली, तीही म्हणाली, मग मी तरी कशाला रांगेत उभी राहू. सगळ्यांनी माना हलवल्या आणि पाळणा म्हणायला घेतला. मी तुमच्यात उभी होते. त्याला तीन मिळाले नव्हते, ताई. एकच मिळाला, तू नेऊन दिलेला. लस खोटी नव्हती, मी खोटी होते. येत्या वीस तारखेला बुधवार आहे, त्या दिवशी केतकीला सहा आठवडे पुरे होतील, सिस्टरनी बोटांवर मोजून सांगितलं. तिला ने. आणि वरच्या बाईंनाही सांग, माझं नाव घेऊन सांग. मला पुन्हा घरात घेतलं नाहीस, रविवारी दार उघडलं नाहीस, निनादला माझ्याविषयी काहीही सांगितलंस तरी मी काही म्हणणार नाही. फक्त तू स्वतः ने. कोणावर सोपवू नकोस. थेंब तिच्या जिभेवर पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ, सिस्टर कार्डावर सही करेपर्यंत तिथून हलू नकोस, आणि मग महिन्याने पुन्हा ने, आणि त्यानंतरही पुन्हा.

तुझीच, अजून तसं म्हणवून घेता येत असेल तर,
शेवंती